मोटारीच्या माथ्यावरील काठी

आमच्या लहानपणीं मुंबईच्या रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीच्या मडगार्डावर चकचकीत काठी दिसली, कीं पोरांच्या मनांत त्या मोटारीविषयीं आदर व दुष्ट बुद्धि हीं दोन्ही एकदमच उत्पन्न होत. दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणें एकींत एक शिरणारी ती काठी ओढून लांब करावी, हलकेंच वांकवावी, आणि मालक जिन्यांतून उतरतांना दिसला कीं चारी दिशांना पळ काढावा, हा आमचा उद्योग. अशा कित्येक काठ्यांचें पाप प्रस्तुत लेखकाच्या माथ्यावर आहे. तिला एरियल म्हणतात एवढें आम्हांस ठाऊक होतें. परंतु रेडिओ गाडीच्या आंत असतां ही काठी बाहेर उन्हापावसांत, पोरांच्या तडाख्यांत कां उभी केलेली असते, हा प्रश्न आमच्यापैकीं कोणासही पडला नाहीं. तो पुढें पुष्कळ वर्षांनीं पडला, आणि त्याचें उत्तर शोधतांना मोटारीच्या टपापासून रणांगणापर्यंत व तेथून ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटापर्यंत वाट चालावी लागली.

प्रारंभ मार्कोनीपासून करणें योग्य होय. १९०१ सालीं त्यानें इंग्लंडांत थॉर्निक्रॉफ्ट कंपनीच्या वाफेवर चालणाऱ्या एका गाडींत आपलें बिनतारी यंत्र बसविलें. तिच्या टपावर धातूचें एक उंच नळकांडें उभें केलेलें होतें. लांबून पाहणारास गाडीनें गिरणीचें धुराडेंच पाठीवर घेतलें आहे असें वाटावें. वाटेंतील झाडें, पूल यांना तें अडूं नये म्हणून प्रवासांत तें आडवें निजविण्याची सोय होती. संदेशाला उंची हवी आणि रस्त्याला उंची नको, हा जो पेंच पुढें शंभर वर्षें सुटला नाहीं, तो या पहिल्याच गाडींत पुरता दिसून येतो.

येथें थोडें शास्त्र सांगणें भाग आहे. बिनतारी लहरींना लांबी असते. आणि धातूच्या काठीची लांबी त्या लहरीच्या चतुर्थांशाइतकी असली, म्हणजे ती काठी त्या लहरीला उत्तम साद देते. सतारीच्या तरफेच्या तारा जशा आपापल्या स्वराला आपण होऊन झंकारतात, तसाच हा प्रकार. मार्कोनीच्याच काळांत जगदीशचंद्र बोस कलकत्त्यास अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग करीत होते, व त्यांचीं उपकरणें मेजावर मावत. उलट नभोवाणीच्या मध्यम लहरी सुमारें २०० पासून ५५० मीटरपर्यंत लांब. त्यांचा चतुर्थांश म्हणजे निदान ५० मीटर! मोटारीच्या पाठीवर राजाबाई टॉवरसारखें कांहींतरी बांधल्यावांचून हा हिशेब जमावयाचा नाहीं. सुदैवानें नभोवाणी केंद्रांची शक्ति मोठी असते, त्यामुळें अपुऱ्या तारेवरही गाणें ऐकूं येतें.

आणि आरंभीं ही अपुरी तार गाडीच्या बाहेर नव्हतीच. १९२० नंतरच्या दशकांतील बंद मोटारींचे टप सबंध पत्र्याचे नसत. मध्यें लांकडी पट्ट्या, त्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी, वर कापसाची गादी व मेणकापड, अशी रचना असे. रेडिओवाल्यांनीं हीच जाळी एरियल म्हणून वापरली. गॅल्व्हिन कंपनीनें १९३० सालीं मोटारीसाठीं रेडिओ बाजारांत आणून त्याला ‘मोटोरोला’ हें नांव दिलें, त्या वेळीं अमेरिकेंत असल्या गुप्त एरियलींचाच प्रघात होता. बाहेरून कांहींच दिसत नसे. आमच्यासारख्या पोरांना वावच नव्हता.

हें सुख फार टिकलें नाहीं. जनरल मोटर्सनें १९३५ च्या गाड्यांना सबंध पोलादी पत्र्याचा एकसंध टप दिला, आणि इतरांनींही तोच मार्ग धरला. गाडी उलटली तर आंतील माणूस चिरडूं नये, पावसांत टप गळूं नये, या दृष्टीनें सुधारणा उत्तम. पण रेडिओच्या दृष्टीनें तो तुरुंग ठरला. त्याचें कारण १८३६ सालींच मायकेल फॅरेडेनें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें दाखवून ठेवलेलें होतें. त्यानें १२ फूट लांबीरुंदीउंचीची एक खोली उभारून ती धातूच्या तारांनीं व वर्खानें मढविली, आणि आपण आंत जाऊन बसला. बाहेरच्या बाजूनें विजेच्या ठिणग्या उडत होत्या; आंत त्याच्या नाजूक मापकांना त्याची दादही नव्हती. धातूच्या पिंजऱ्यांत विद्युत् शिरत नाहीं. मोटारीला खिडक्या असल्यामुळें तिचा पिंजरा पूर्ण नसतो हें खरें, तथापि पोलादी टपाच्या आंतील जाळी कवडीमोलाची झाली.

मग कारखानदारांनीं एरियल पायदानाखालीं बांधून पाहिली. तेथें चिखल, पाणी, खडे यांनीं तिची दैना झाली, शिवाय जमिनीच्या सान्निध्यानें आवाजही क्षीण येई. अखेर १९४० च्या आसपास ती काठीच्या रूपानें मडगार्डावर उभी राहिली. म्हणजे ती काठी तेथें शोभेसाठीं गेली नव्हती. घराला पोलादी छप्पर पडलें म्हणून घराबाहेर काढलेल्या वृद्धेसारखी ती दाराशीं उभी होती!

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि मला स्वतःला तीच अधिक रम्य वाटते. डेट्रॉईट शहराच्या पोलिसांनीं १९२८ सालीं आपल्या गाड्यांना बिनतारी हुकूम देण्यास आरंभ केला. गाडींतील शिपाई नुसतें ऐकूं शके. उत्तर द्यावयाचें तर त्याला टेलिफोन शोधीत हिंडावें लागे. १९३३ सालीं न्यू जर्सींतील बेयॉन येथें गाडींतूनही बोलण्याची सोय झाली. या कामासाठीं पोलिसांनीं हळूहळू दहा मीटरांच्या आसपासच्या आंखूड लहरी पतकरल्या. त्यांचा चतुर्थांश अडीच मीटर, म्हणजे मोटारीवर कशीबशी पेलेल अशी काठी. आतां मौज अशी, कीं चतुर्थांश काठी एकटी अपुरी असते. तिच्या पायाशीं धातूचा पसरट पत्रा असला म्हणजे तो आरशाचें काम करतो, आणि काठीचें उरलेलें अर्धें अंग त्या आरशांत उभें राहतें. ज्या पोलादी टपानें एरियलला घराबाहेर घातलें, त्याच टपाच्या मध्यावर तिला उभी करतां ती सर्वांत उत्तम चालते. हल्लींच्या प्रवासी गाड्यांपैकीं ज्यांचें अंग फायबरग्लासचें असतें त्यांच्या मालकांना हें सत्य उलट बाजूनें शिकावें लागतें: तेथें आरसाच नसल्यामुळें साधी काठी मुकी होते, व तिच्या बुडाशीं पत्रा तरी बसवावा लागतो, नाहीं तर आरशावांचून चालणारी निराळ्या घडणीची काठी तरी घ्यावी लागते.

दुसऱ्या महायुद्धांत एरियलनें माणसें मारविलीं, असें म्हटल्यास अतिशयोक्ति नाहीं. जर्मन सेनापतींच्या चिलखती गाड्यांवर प्रथम खाटेच्या चौकटीसारखी भली मोठी एरियल असे. ती दिसली कीं आंत अधिकारी बसला आहे हें शत्रूला दुरूनच कळे, आणि तोफेचें तोंड तिकडे वळे. म्हणून पुढें ती चौकट जाऊन शेंड्याशीं ताऱ्याप्रमाणें फांद्या फुटलेली काठी आली.

युद्ध संपल्यावर टेलिफोन गाडींत बसला. १९४६ च्या जून महिन्यांत सेंट लुईस शहरांत बेल कंपनीनें ही सेवा सुरू केली. यंत्राचें वजन सुमारें ८० पौंड, मध्यें ऑपरेटर, बोलतांना कळ दाबावयाची आणि ऐकतांना सोडावयाची. येथें लहरी दोन मीटरांच्या, त्यामुळें काठी अर्ध्या मीटरावर आली. १९८३ सालीं शिकागोंत सेल्युलर टेलिफोन निघाला तेव्हां ती वीतभरही राहिली नाहीं, व मागच्या कांचेवर चिकटविण्याजोगी झाली. त्या काळीं अमेरिकेंत टेलिफोन परवडत नसलेले कित्येक लोक नुसती खोटी एरियल विकत घेऊन कांचेवर लावीत. आपल्याकडे १९९५ सालीं ज्योति बसूंनीं कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशीं मोबाईलवर पहिलें संभाषण केलें. म्हणजे हा टेलिफोन आला तोच हातांत, मोटारीवर मिरविण्याची पायरी बहुतेकांनीं गाळली. मडगार्डावरील काठी पुढें टपावरील माशाच्या पंखासारख्या टेंगळांत लपली, आणि पोरांचा एक खेळ कायमचा बुडाला.

मात्र जेथें टेलिफोनचे मनोरे नाहींत तेथें काठीचें राज्य अद्याप आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांत १९२० नंतरच्या दशकांत जॉन फ्लिन हा पाद्री एका विवंचनेनें पछाडलेला होता: शेंकडों मैलांवर एकटें घर असलेल्या माणसाचा पाय मोडला, तर डॉक्टरला कळावें कसें? तो यंत्रें घेऊन मोटारीनें हिंडे. गाडीचें मागचें चाक जॅकवर उचलून त्याच्या गतीवर वीज तयार करावी लागे. १९२८ सालीं विमानांतून जाणारा डॉक्टर आला, आणि १९२९ सालीं आल्फ्रेड ट्रेगरचें पायानें पेडल मारून चालणारें यंत्र आलें. एरियल म्हणजे खांबांना बांधलेली लांब तार; गाडी थांबली तरच ती ताणावयाची.

आज त्या मुलखांतून जाणाऱ्या प्रवाशाच्या गाडीच्या पुढच्या दांड्यावर स्प्रिंगवर झुलणाऱ्या काठ्या दिसतात. एक मागच्यापुढच्या गाड्यांशीं बोलण्याची, एक टेलिफोनची. त्यांच्या लांबीचाही विवेक आहे. लांब काठी आपली शक्ति क्षितिजाकडे दाबून धरते, म्हणून सपाट मैदानांत ती दूरवर पोंचते; डोंगरांत मात्र मनोरा डोक्यावर किंवा पायाखालीं असतो, तेथें चोहोंकडे पसरणारी आंखूड काठीच कामास येते. दुकानदार बहुधा लांबच विकतो. आणि जो अगदींच निर्जन वाटेनें जातो, त्याच्या गाडीवर तिसरी एक जाड काठी असते. तिच्या अंगावर तारेचीं वेटोळीं गुंडाळलेलीं, व मधून मधून भोंकें ठेवलेलीं असतात. दिवसा ज्या लहरी शेंकडों मैल जातात त्या रात्रीं वातावरणाच्या वरच्या थरांतून परत फिरेनाशा होतात, तेव्हां लांब लहरी धराव्या लागतात. म्हणून सूर्य मावळला कीं चालक गाडी थांबवितो, खालीं उतरतो, एका भोंकांतील लहानशी तार काढून दुसऱ्यांत खोंवतो, आणि पुन्हा आंत बसून आपला ठावठिकाणा सांगूं लागतो.