अतिशीत जतन आणि दूरचा अंतराळप्रवास
सूर्यानंतर पृथ्वीला सर्वांत जवळचा तारा असलेला प्रॉक्सिमा सेंटॉरी सुमारे ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या व्हॉयेजर-१ यानाच्या गतीने तेवढे अंतर कापण्यास जवळपास ७५ हजार वर्षे लागतील. म्हणूनच प्रवाशाचे शरीर अतिशीत अवस्थेत जतन करावे व मुक्कामी पोहोचल्यावर त्याला जागे करावे, ही कल्पना विज्ञानकथांतून रूढ झाली.

मानवी देह असा जतन करण्याच्या पद्धतीस क्रायोनिक्स म्हणतात. १९६७ साली अमेरिकेत जेम्स बेडफर्ड यांचा देह प्रथम या रीतीने ठेवण्यात आला. मृत्यूची कायदेशीर नोंद झाल्यानंतरच देह द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवला जातो. आजवर असा एकही देह पुन्हा सजीव झालेला नाही.

खरी अडचण थिजवण्यापेक्षा पूर्ववत करण्यात आहे. गोठताना पाण्याचे स्फटिक बनून पेशी फाटतात. ते टाळण्यासाठी संरक्षक द्रव्ये भरून ऊतींना काचेसारखी घन अवस्था दिली जाते. मानवी भ्रूण या पद्धतीने टिकतात. मोठे अवयव मात्र असमान उष्णतेमुळे तडकतात. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी १०० दिवसांपर्यंत जतन केलेली उंदराची मूत्रपिंडे ऊब देऊन यशस्वीपणे प्रत्यारोपित केली. संपूर्ण मानवी देह, विशेषतः मेंदू, ही मजल अद्याप फार दूरची आहे.

अंतराळात आणखी एक संकट आहे. वैश्विक किरणांनी झालेली डीएनएची हानी जिवंत पेशी सतत दुरुस्त करतात. थिजलेल्या पेशीत ही दुरुस्तीच थांबते. हानी मात्र हजारो वर्षे साचत राहते.

शीतनिद्रा ही याहून वेगळी गोष्ट होय. आर्क्टिक खारीचे शरीर उणे २.९ अंशांपर्यंत थंड होते, तरी रक्त गोठत नाही आणि हृदय अतिमंद गतीने चालू राहते. नासाच्या निधीतून २०१३ पासून मंगळयात्रेसाठी अशाच मंद चयापचयाचा अभ्यास झाला. युरोपीय अंतराळ संस्थेनेही त्याचा विचार केला आहे. प्रवासी झोपेत असल्यास अन्न, पाणी व जागा यांची गरज घटून यान लहान करता येईल, हा त्यामागील हिशेब.

काही महिन्यांच्या मंगळप्रवासासाठी शीतनिद्रा हा शक्यतेच्या कक्षेतील विषय आहे. ताऱ्यांपर्यंतच्या सहस्रकांच्या प्रवासासाठी मात्र ती पुरणारी नाही, कारण शीतनिद्रेतही शरीर, अगदी सावकाश का होईना, वृद्ध होतच राहते.