पॅर्त, आर्व्हो

(जन्म : ११ सप्टेंबर १९३५). एस्टोनियाचे संगीतरचनाकार. द्वादशस्वरी (सप्तकातील बाराही स्वर ठराविक क्रमाने योजणाऱ्या) पद्धतीने सुरुवात करून ते मध्ययुगीन चर्चगायनाकडे वळले आणि त्यातून त्यांनी ‘टिंटिनॅब्युली’ ही स्वतंत्र रचनापद्धती घडवली. जन्म पाइदे येथे, बालपण राक्व्हेरे गावी. ताल्लिनमध्ये हाइनो एल्लर यांच्याकडे शिक्षण. १९५८ ते १९६७ या काळात एस्टोनियन रेडिओत ध्वनितंत्रज्ञ.

‘नेक्रोलॉग’ (१९६०) ही एस्टोनियातील पहिली द्वादशस्वरी रचना. तिच्यावर सरकारी टीका झाली. ‘क्रेडो’मध्ये (१९६८) बाखच्या एका प्रील्यूडची द्वादशस्वरी कल्लोळाशी झुंज आहे. तीत ख्रिस्तावरील श्रद्धा उघड बोलून दाखवलेली असल्याने सोव्हिएत राजवटीत तिच्यावर अघोषित बंदी आली. पुढची आठेक वर्षे, तिसरी सिंफनी (१९७१) वगळता, पॅर्त यांनी फारसे काही पुढे आणले नाही. या काळात त्यांनी ग्रेगरियन गायन, पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चची गायनपरंपरा आणि प्रबोधनकाळातील बहुस्वरी गायन अभ्यासले. एकेरी सुरावटी लिहून वह्या भरल्या. १९७२ मध्ये ते ऑर्थोडॉक्स पंथात गेले.

टिंटिनॅब्युली (लॅटिन अर्थ : लहान घंटा) पद्धतीत दोन स्वरपंक्ती असतात. एक सप्तकात पायरीपायरीने चालते. दुसरी मूळ कॉर्डच्या तीनच स्वरांत फिरते. पियानोवरील ‘फ्युर आलीना’ (१९७६) ही या पद्धतीतली पहिली रचना. तीत खर्जातला एक स्वर तंबोऱ्यासारखा मागे घुमत राहतो. मापागणिक स्वर एकेकाने वाढतात, मग घटतात. तीन स्वरांचा नियम एकदाच मोडतो आणि त्या जागी स्वरलिपीत फूल काढलेले आहे. इंग्रज संगीतरचनाकार बेंजामिन ब्रिटन यांच्या स्मरणार्थ लिहिलेल्या ‘कॅन्टस’मध्ये (१९७७) तंतुवाद्यांचे सर्व गट एकच उतरते सप्तक वाजवतात, मात्र प्रत्येक खालचा गट वरच्याच्या निम्म्या गतीने. सोबत एकच घंटा. जुन्या गायनाच्या चाली पॅर्त यांनी उचलल्या नाहीत, संयम घेतला. नियमांचा काटेकोरपणा द्वादशस्वरी काळातलाच राहिला.

१९८० मध्ये त्यांनी देश सोडला. व्हिएन्नानंतर बर्लिनमध्ये स्थायिक झाले. ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीच्या ‘ताबुला रासा’ (१९८४) या ध्वनिमुद्रिकेने त्यांचे नाव जगभर पोहोचले. २०१० मध्ये ते मायदेशी परतले. लाउलास्मा येथील आर्व्हो पॅर्त केंद्राची इमारत २०१८ मध्ये खुली झाली. त्यांच्या हस्तलिखितांचा संग्रह तेथे आहे.