औषधाचं वर्ष आणि ताळेबंदाचं वर्ष

मागच्या वेळी आपण इन्शुलिनच्या शोधापर्यंत आलो होतो. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ मध्ये आपलं पेटंट टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. आज त्याच औषधाची पुढची गोष्ट सांगतो. पण एका कंपनीच्या अंगानं.

त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं इन्शुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढलं जाई. माझे वडील तेच घ्यायचे. स्टोव्हवर काचेची सिरिंज उकळत असायची आणि ते एकदा म्हणाले होते, "हे मिळायचं बंद झालं तर?" तो प्रश्न लक्षात ठेवा.

१९७६ मध्ये रॉबर्ट स्वान्सन हा २८ वर्षांचा तरुण आणि हर्बर्ट बॉयर हे शास्त्रज्ञ, दोघांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून कॅलिफोर्नियात 'जेनेनटेक' सुरू केली. मानवी इन्शुलिन जीवाणूंकडून तयार करून घ्यायचं, ही कल्पना. त्यांनी जनुक माणसाच्या पेशीतून काढलं नाही. इटाकुरा आणि रिग्ज यांच्या गटाबरोबर ते रसायनं जोडून तयार केलं. इन्शुलिनच्या दोन साखळ्या असतात, एक २१ अमिनो आम्लांची, दुसरी ३० ची. त्या वेगवेगळ्या जीवाणूंत बनवून मग जोडल्या. हे साधलं १९७८ मध्ये.

आता पैशाकडे वळू. १४ ऑक्टोबर १९८० रोजी कंपनीचा शेअर बाजारात आला, ३५ डॉलरला. तासाभरात तो ८८ वर गेला; दिवसअखेर ७१ वर स्थिरावला. कंपनीनं साडेतीन कोटी डॉलर उभे केले. आणि त्या दिवशी तिचं एकही औषध बाजारात नव्हतं!

मग लोकांनी विकत काय घेतलं? वचन. ही फसवणूक होती असं मी म्हणणार नाही, कारण वचन पाळलं गेलं. पण अॅरिस्टॉटलनं शक्यता आणि वास्तव यांत जो भेद केला, तो इथं उपयोगी पडतो. शेअरवाल्याला शक्यता विकता येते. रोग्याला शक्यता टोचून घेता येत नाही. मानवी इन्शुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली १९८२ मध्ये, आणि विकलं ते एली लिलीनं. जेनेनटेकनं स्वतः विकलेलं पहिलं औषध, वाढीचं संप्रेरक, आलं १९८५ मध्ये. म्हणजे कंपनी स्थापन झाल्यावर नऊ वर्षांनी. ताळेबंद मात्र दरवर्षी मांडावाच लागतो. त्यात वाढ दिसते ती करारांच्या पैशांची. औषध पुढे सरकलं की नाही, ते त्या आकड्यांवरून कळत नाही.

२००९ मध्ये रोश कंपनीनं जेनेनटेक पूर्ण ताब्यात घेतली, सुमारे ४,६८० कोटी डॉलर मोजून. एक डॉलर कुठे आणि हे कुठे! पण निवाडा घाईनं करू नका. एका डॉलरचं ते औदार्यसुद्धा रोग्यापर्यंत पोचायला लिलीचाच कारखाना लागला होता.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर या कंपनीनं दिलं: मिळेल, कत्तलखान्यावर अवलंबून न राहता मिळेल. आजचा रोगी मात्र विचारतो, "परवडेल का?" त्या प्रश्नासाठी ताळेबंदात रकाना नाही. तो आपल्यालाच आखावा लागेल.