मेनोनाइट पंथ आणि उच्च शिक्षणाचा प्रश्न

ज्या समाजानें विद्येला धर्माचें भूषण मानलें, त्यानें पाठशाळा काढल्या यांत नवल नाहीं. परंतु विद्वान् मनुष्याकडे संशयानें पाहण्याची ज्या समाजाला तीनशें वर्षांची संवय, त्यानेंच पुढें महाविद्यालयें काढावीं, एक कर्जांत बुडालें तर दुसरें उभारावें, आणि तिसरें आपल्याच हातानें बंद करून पुन्हा उघडावें, हा प्रकार मात्र विचार करण्याजोगा आहे. ख्रिस्ती धर्मांतील मेनोनाइट पंथाचा शैक्षणिक इतिहास असा आहे. हा पंथ मराठी वाचकांच्या फारसा परिचयाचा नसला, तरी त्याच्यापुढें जो प्रश्न उभा राहिला तो आपणांस परका वाटणार नाहीं. मुलांना शिकवावें तर तीं आपलीं राहत नाहींत, आणि न शिकवावें तर जग त्यांना मागें टाकून पुढें जातें. मग करावें काय?

या पंथाचा उगम स्वित्झर्लंडमधील झूरिच शहरीं इ. स. १५२५ च्या जानेवारींत झाला. लहान मुलांस बाप्तिस्मा देणें निरर्थक होय, मनुष्यानें समजत्या वयांत तो स्वतः होऊन घ्यावा, आणि धर्माच्या कामांत राजसत्तेनें हात घालूं नये, हीं त्यांचीं मुख्य मतें. ख्रिस्ताच्या अनुयायानें शस्त्र धरूं नये, हें व्रतहि लवकरच त्यांत दृढ झालें. आतां ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, पंथाचे पहिले पुढारी अडाणी नव्हते. कोन्राड ग्रेबेल हा बाझेल, व्हिएन्ना व पॅरिस येथें विद्याभ्यास करून, पण पदवी न घेतां, परत आला होता. बाल्थाझार हूबमायर हा धर्मशास्त्राचा डॉक्टर होता, आणि मिखाएल साट्लर हा एका मठाचा अधिकारी राहिलेला. परंतु ग्रेबेल १५२६ सालीं प्लेगनें वारला. त्याचा सोबती फेलिक्स मान्त्स यास १५२७ च्या जानेवारींत लिमाट नदींत बुडवून मारण्यांत आलें. त्याच वर्षीं साट्लरला आणि पुढल्या वर्षीं हूबमायरला जिवंत जाळलें. तीन वर्षांच्या आंत पंथांतील विद्वानांची पिढी जवळजवळ नाहींशी झाली. ज्याच्या नांवावरून पुढें पंथाचें नांव पडलें तो मेनो सिमन्स हा नेदरलंड्समधील कॅथलिक धर्मगुरु. त्यानें १५३६ सालीं जुना धर्माधिकार सोडला व उरलेलें आयुष्य लपतछपत काढलें.

शिकलेले मेले, आणि ज्यांनीं त्यांच्याशीं जाहीर वाद करून त्यांना पाखंडी ठरविलें तेहि पंडितच होते. मागें राहिलेल्या शेतकऱ्यांनीं व कारागिरांनीं यावरून काय धडा घेतला असेल, हें सांगावयास नको. पांडित्य सत्तेची चाकरी करतें व साध्या वचनाचा साधा अर्थ बिघडवितें, ही समजूत पिढ्यानुपिढ्या घर करून बसली. शिवाय पुष्कळ मंडळ्यांत उपदेशक निवडण्याची रीत अशी कीं, योग्य माणसांत चिठ्ठ्या टाकाव्या व ज्याची चिठ्ठी निघेल त्यानें नांगर न सोडतां, वेतन न घेतां तें काम जन्मभर करावें. तेव्हां धर्मशिक्षणाचें विद्यालय काढणें म्हणजे पगारी धर्मगुरूंचा वर्ग निर्माण करणें, ही भीति निराधार नव्हती. हॉलंडांतील शाखेनें १७३५ सालीं ॲम्स्टरडॅम येथें धर्मशाळा, म्हणजे उपदेशक तयार करणारी संस्था, काढली. पण ती शाखा व्यापारानें संपन्न झालेली होती, आणि कालांतरानें तिनें निःशस्त्रतेचा आग्रह सोडला. विद्या आली कीं व्रत जातें, असें म्हणणाऱ्यांस हें उदाहरण आयतेंच होतें.

याचा अर्थ मेनोनाइट लोक अक्षरशत्रु होते असा नव्हे. प्रत्येकास बायबल वाचतां आलें पाहिजे हा त्यांचा कटाक्ष होता. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया येथें त्यांची वस्ती १६८३ पासून झाली. तेथील ख्रिस्टोफर डॉक नांवाचा शिक्षक आठवड्यांतून तीन दिवस एका गांवीं व तीन दिवस दुसऱ्या गांवीं शाळा चालवीत असे. त्यानें १७५० सालीं अध्यापनाच्या आपल्या पद्धतीवर एक पुस्तक लिहिलें. पण आपल्या हयातींत तें छापण्यास तो राजी नव्हता. कारण त्यानें आत्मस्तुति होते. मोठ्या आग्रहानंतर तें १७७० त छापून निघालें, आणि पुढच्याच वर्षीं तो वारला. प्राथमिक शिक्षणाबद्दल एवढी आस्था आणि स्वतःच्या ज्ञानाबद्दल एवढा संकोच, या दोन्ही गोष्टी एकाच माणसांत होत्या.

उच्च शिक्षणाचा पहिला प्रयोग अमेरिकेंत ओहायो प्रांतांतील वॉड्सवर्थ गांवीं झाला. जॉन ओबरहोल्ट्झर हा शाळामास्तर व कुलुपें करणारा कारागीर. त्याच्या पुढाकारानें पंथांतील सुधारणावादी मंडळ्या १८६० सालीं एका परिषदेंत एकत्र आल्या. या परिषदेच्या विद्यालयासाठीं डॅनियल हेगे यानें गांवोगांव हिंडून पैसा जमविला. त्या श्रमांतच १८६२ त त्याचा अंत झाला. विद्यालय १८६८ च्या जानेवारींत उघडलें. धर्मशास्त्र शिकविण्यास जर्मनींतून कार्ल युस्टुस फान डेर स्मिसेन यांस बोलावून आणलें. शिक्षण बहुतांशीं जर्मन भाषेंतच चाले. पण कर्ज वाढत गेलें, अधिकाऱ्यांत बेबनाव झाला, आणि १८७८ सालीं विद्यालय बंद पडलें. अकरा वर्षांतच झालेला हा शेवट विरोधकांना समाधानाचा वाटला असेल. तथापि येथून निघालेल्या विद्यार्थ्यांनींच पुढें मंडळ्यांचीं व मिशनचीं कामें अंगावर घेतलीं, हें त्यांस नाकारतां आलें नाहीं.

दुसरा प्रयोग कॅन्सस प्रांतांत झाला. रशियांत सक्तीची लष्करी नोकरी सुरू झाल्यामुळें १८७४ पासून हजारों मेनोनाइट कुटुंबें अमेरिकेंत आलीं. या लोकांना रशियांतल्या आपल्या वसाहतींत चांगल्या माध्यमिक शाळा चालविण्याचा अनुभव होता. त्यांनीं प्रथम हॉल्स्टेड येथें १८८३ त एक शाळा काढली. मग न्यूटन शहराजवळ बेथेल कॉलेजाची सनद १८८७ त मिळवून १८९३ त तें उघडलें. त्याचे पहिले अध्यक्ष कॉर्नेलियस वेडेल हे लहानपणींच रशियांतून आलेले. १९१० त निधन होईपर्यंत त्यांनीं तें पद सांभाळलें, आणि तेवढ्यांत पंथाचा इतिहास जर्मन भाषेंत चार भागांत लिहिला. कॉलेज चालविण्याच्या धबडग्यांत या मनुष्यास इतिहास लिहिण्याची निकड कां वाटली असावी, याचा उलगडा पुढील हकीकतीवरून होईल.

इंडियाना प्रांतांतील एल्खार्ट हें जुन्या वळणाच्या मोठ्या शाखेचें केंद्र होतें. तेथें जॉन फंक यांचा छापखाना होता. आणि तेथेंच १८९४ सालीं डॉक्टर हेन्री मुमॉ यांनीं एल्खार्ट इन्स्टिट्यूट सुरू केली. याच गांवाचा आपल्या देशाशीं एक संबंध आहे. १८९७ च्या दुष्काळांत एल्खार्टहून धान्याची मदत हिंदुस्थानांत आली, आणि १८९९ त या पंथाचे मिशनरी नागपूर राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्यप्रांतांत, धमतरी येथें, येऊन राहिले. धमतरी आज छत्तीसगडांत आहे. शाळा, दुष्काळनिवारण आणि मिशन हीं तिन्ही कामें एकाच जागृतीचीं फळें होतीं. आणि परदेशीं माणसें पाठवावयाचीं तर तीं शिकलेलीं हवींत, हें संशयखोरांसहि पटण्यासारखें होतें.

ही संस्था १९०३ त जवळच्या गोशेन गांवीं गेली व गोशेन कॉलेज झाली. अध्यक्ष नोआ बायर्स यांनीं तिला ब्रीद दिलें तें ‘संस्कृति सेवेसाठीं’ या अर्थाचें. परंतु विद्यार्थी जुना साधा पोशाख टाकूं लागले, मुली परंपरागत टोपडें सोडून हॅट घालूं लागल्या, अध्यापक नव्या धर्मविचारांस अनुकूल आहेत असा बोभाटा झाला, आणि कर्ज तर होतेंच. महायुद्धाच्या काळांत मतभेदांस आणखी धार आली. १९१८ त धमतरीचे मिशनरी जॉर्ज लॅप यांना अध्यक्षपद देण्यांत आलें. तेंहि एका वर्षापुरतेंच. अध्यक्षांमागून अध्यक्ष बदलले. १९२२ त जुन्या मताचे अग्रणी डॅनियल कॉफमन यांच्या हातीं सूत्रें आलीं, आणि १९२३–२४ हें वर्ष कॉलेज चक्क बंद ठेवलें. कित्येक अध्यापक व विद्यार्थी कायमचे दुसरीकडे गेले. ज्यांनीं आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें या संस्थेस दिलीं होतीं, त्यांना हा घाव जन्मभर बुजला नसेल.

१९२४ त सॅनफर्ड योडर यांच्या अध्यक्षतेखालीं कॉलेज पुन्हा उघडलें. त्याच वर्षीं हॅरोल्ड बेंडर हा तरुण अध्यापक तेथें आला. त्यानें विद्या व श्रद्धा यांच्या तंट्यावर निबंध लिहीत बसण्यापेक्षां जुने कागद उघडले. इतिहासमंडळ निघालें, १९२७ त एक त्रैमासिक सुरू झालें, आणि बेंडर यानें ज्या विषयावर हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली तो विषय होता कोन्राड ग्रेबेल. १९४३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील धर्मेतिहासकारांपुढें अध्यक्ष या नात्यानें त्यानें जें व्याख्यान दिलें, त्यानें या तुच्छ लेखलेल्या पंथाकडे पाहण्याची विद्वानांची दृष्टि पालटली. पुढील अभ्यासकांनीं त्याच्या मांडणींत पुष्कळ दुरुस्त्या केल्या. उगम एका झूरिचांतच नव्हे, अनेक ठिकाणीं झाला असें दाखविलें. तरी त्या व्याख्यानानें केलेलें काम पुसलें गेलें नाहीं.

आम्हांस या इतिहासांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही. शेतकऱ्यांची भीति खोटी नव्हती. शिक्षणानें पोशाख बदलला, भाषा बदलली, चिठ्ठी टाकून उपदेशक निवडण्याची रीतहि पुष्कळ ठिकाणीं गेली. ज्यांनीं कॉलेज बंद केलें त्यांना केवळ हटवादी म्हणून निकालांत काढणें अन्यायाचें होईल. आपली मुलें आपल्याला ओळखेनाशीं होतील, हें दुःख त्यांच्या विरोधाच्या मुळाशीं होतें. पण विद्येवांचून राहिल्यानें त्यांनीं जें गमावलें होतें त्याची त्यांस कल्पनाहि नव्हती. आपले पूर्वज विद्वान् होते हेंच ते विसरले होते. तें त्यांना सांगितलें तें अखेर कॉलेजांतल्या माणसानें. ज्या ज्ञानाला ते घरफोडें समजत होते, त्यानेंच त्यांच्या घराचा जुना दस्तऐवज शोधून आणून त्यांच्या हातीं ठेवला.