वखार, कारखाना आणि ‘फॅक्टरी’

आपल्या घरांतली मुले आता इतिहास बहुधा इंग्रजीतून वाचतात. शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये राजापूरची इंग्रज ‘फॅक्टरी’ लुटली, असे वाक्य आले की त्यांच्या डोळ्यांपुढे धुराडे, भोंगा आणि यंत्रे उभी राहतात. राजापुरात यातले काहीच नव्हते. घाईने केलेल्या अनुवादांत तर ‘इंग्रजांचा कारखाना’ असेही अधूनमधून छापून येते. आपल्या पूर्वजांना ही चूक कधी करावी लागली नाही, कारण त्यांच्यापाशी नेमका शब्द होता : वखार.

‘फॅक्टरी’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘करणे’ या अर्थाचा धातू आहे. त्यावरून ‘फॅक्टर’ म्हणजे करणारा. पुढे धन्याच्या वतीने परमुलखात खरेदी-विक्री करणारा, म्हणजे आपल्या भाषेत गुमास्ता. (फ्रेंचांनी हाच शब्द पुढे टपालवाल्याला दिला आणि गणितज्ञांनी संख्येच्या अवयवाला.) हा गुमास्ता जिथे राही, माल साठवी आणि हिशेब लिही, ती जागा म्हणजे पोर्तुगीजांची ‘फैतोरिया’. कब्राल 1500 मध्ये कालिकतला आला, तेव्हा त्याने तिथे अशीच एक फैतोरिया घातली. इंग्रजीतली ‘फॅक्टरी’ या अर्थाने त्याच वळणावर गेली. सुरतेच्या इंग्रज वखारीत माल तयार होत नसे. तो विणकरांच्या घरी तयार होई आणि दलालांमार्फत वखारीत येई. कंपनीच्या नोकरांत ‘रायटर’च्या वरची पायरी ‘फॅक्टर’ची होती.

पोर्तुगीजांनी मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. माल घडवण्याच्या जागेला त्यांचा शब्द ‘फाब्रिका’. गोव्यातल्या श्रोत्यांना तो चर्चच्या मालमत्तेचा आणि जमाखर्चाचा कारभार म्हणूनही ठाऊक असेल. मूळ अर्थ चर्चच्या बांधकामाचा.

वखार म्हणजे केवळ गोदाम, असेही समजू नये. तिला भिंत असे, पहारा असे, कधी तोफाही असत. 1660 मध्ये पन्हाळ्याला वेढा पडला असताना राजापूरचा हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि गोळे घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीला गेला. व्यापाऱ्याने हे काम करायचे नसते. पुढच्या वर्षी राजापूर लुटले गेले, रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैदेत पडले, ते 1663 मध्ये सुटले. राज्याभिषेकाच्या वेळी 1674 मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हाही राजापूरच्या नुकसानीची भरपाई हा बोलण्यातला एक मुद्दा होताच. बेळगावकडच्या मंडळींना जवळचे उदाहरण हुबळीचे : 1673 मध्ये मराठ्यांनी ते शहर लुटले, त्यात इंग्रजांच्या वखारीचा माल गेला आणि भरपाईचा तगादा पुन्हा सुरू झाला.

या अनुभवाचे सार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या मागे राजे आहेत, हे त्यांनी ओळखले होते. वखारीला जागा द्यावीच लागली तर ती समुद्रतीरी, खाडीलगत देऊ नये आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असा त्यांचा सल्ला. माझ्या मते, ‘फॅक्टरी’ या शब्दाची याहून चांगली व्याख्या कोणत्याही इंग्रजी कोशात सापडणार नाही.

आता कारखाना. हा फारसी शब्द. कार म्हणजे काम, खाना म्हणजे घर. मराठेशाहीत अठरा कारखाने मोजत : जामदारखाना, शिलेखाना, पीलखाना वगैरे. यांत घडवण्यापेक्षा सांभाळणे, मोजणे, पुरवणे हेच अधिक. किल्ल्यावर हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीला कारखानीस असे आणि धान्याचा, सामानाचा हिशेब त्याच्याकडे असे. आपल्यांत कारखानीस आडनावाची घरे आहेत. त्यांच्या मूळ पुरुषाने कोणतेही यंत्र चालवले नव्हते! म्हणजे दोन्ही शब्द मुळात कोठीचे, आणि यंत्रयुगात दोघांचाही अर्थ ‘माल घडवण्याची जागा’ या एकाच ठिकाणी येऊन ठेपला.

इंग्रजीत हा बदल सतराव्या शतकापासून हळूहळू झाला. आपल्याकडे मुंबईत 1850 नंतर कापडाच्या गिरण्या आल्या, तेव्हा लोकांनी ‘फॅक्टरी’ही म्हटले नाही आणि कारखानाही फारसे म्हटले नाही, दळणाची ‘गिरणी’च कापडाला लावली. कायद्याने मात्र 1881 मध्ये ‘फॅक्टरी’ची व्याख्या केली : यंत्रशक्ती आणि शंभर किंवा अधिक माणसे. त्याच कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास मनाई केली. सात वर्षे पुरी झालेल्या मुलाला नऊ तास राबवायला हरकत नव्हती. सुरतेच्या गुमास्त्याच्या घराचे नाव इथवर येऊन पोचले होते.

वखार मात्र मराठीत अजून आपल्या जुन्या कामावर आहे. वेंगुर्ल्याला डच वखारीचे अवशेष उभे आहेत, आणि लाकूड घ्यायला आपण आजही वखारीतच जातो.