रवंथाचा हिशेब : सातारा-सांगलीच्या गोठ्यांतील कार्बन-अभ्यासाची प्रस्तावना

2019 साल सातारा-सांगलीचे पशुपालक विसरलेले नाहीत. त्या उन्हाळ्यात माण, आटपाडी, जत भागातली जनावरे चारा छावण्यांत बांधलेली होती. ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि पलूस, मिरज, वाळव्याच्या नदीकाठचे गोठे पाण्यात गेले. एखाद्या दुष्काळाचे किंवा पुराचे सगळे खापर हवामानबदलावर फोडणे शास्त्राला धरून नाही. पण तापमान वाढेल तशी अशी टोकाची वर्षे वाढतील, हे शास्त्रच सांगते. पशुपालक त्याची झळ सोसतो आणि त्याच्याच गोठ्यातले वायू तापमानात थोडी भर घालतात. या दुहेरी नात्याचा अभ्यास म्हणजे हा विषय. त्यात पहिले पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यांचे, पशुवैद्यकांचे, दूध संकलन केंद्रावर काम करणाऱ्या तरुणांचे आणि पहाटे धारा काढून मग वाचायला बसणाऱ्या ताईंचे मनापासून स्वागत.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. माणसाला न पचणारा कडबा आणि गवत गाय, म्हैस, शेळी, मेंढी रवंथ करून पचवतात. कोटीपोटातले सूक्ष्मजीव तंतुमय चारा फोडतात, तेव्हा हायड्रोजन सुटतो. त्यापासून आणखी काही सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि तो बहुतांशी ढेकरावाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट आहे, पण वातावरणात तो साधारण 12 वर्षेच टिकतो. त्यामुळे आज तो घटवला तर गुण याच पिढीला दिसेल. दुसरा स्रोत उकिरडा. ओल्या, दबलेल्या शेणातून मिथेन निघतो, तर शेणखत आणि युरिया पडलेल्या मातीतून नायट्रस ऑक्साइड. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या 2023 च्या अंदाजानुसार माणसामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा सुमारे 12 टक्के आहे.

या आकड्याने पशुपालकाने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातली साधारण सहा टक्के ऊर्जा मिथेनच्या रूपाने निघून जाते. विकत घेतलेल्या वैरणीचा हा वाया गेलेला हिस्सा आहे. म्हणून उत्सर्जन घटवण्याचे बरेचसे काम गोठ्यातली नासाडी थांबवण्याचेच काम ठरते, आणि ते पशुपालकाच्या हिताचे असते. समजा, एक गाय दिवसाला 200 ग्रॅम मिथेन सोडते आणि 5 लिटर दूध देते; लिटरमागे 40 ग्रॅम झाले. दुसरी 280 ग्रॅम सोडते, पण 14 लिटर देते. लिटरमागे 20 ग्रॅमच. केवळ जिवंत राहण्यासाठी लागणारा चारा दोघींनाही लागतो. दुसरीच्या बाबतीत तो अधिक दुधावर वाटला जातो. मात्र लिटरमागचा आकडा घटला तरी जनावरांची संख्या वाढत राहिली, तर एकूण उत्सर्जन घटत नाही. हे भान अभ्यासकाने कधीही सोडू नये.

सातारा आणि सांगली या अभ्यासासाठी विलक्षण सोयीचे जिल्हे आहेत, कारण इथे दोन चारा-संस्कृती शेजारी नांदतात. कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की दावणीत उसाचे वाढे पडते. ते स्वस्त असते आणि पोट भरते, पण त्यात प्रथिने कमी असतात आणि ऑक्झलेटमुळे जनावराच्या अंगी कॅल्शियम लागत नाही. दूध घटते आणि लिटरमागचा मिथेन वाढतो. वाढ्याच्या जोडीला मुरघास, लसूणघास आणि खनिज मिश्रण दिले तर चित्र बदलते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमात दुधाच्या किलोमागे मिथेन दहा टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने 'हरित धारा' हे मिथेन घटवणारे पूरक खाद्यही तयार केले आहे. पण ज्या दावणीत मूळ आहारच अपुरा आहे, तिथे सुरुवात वैरणीपासूनच करावी.

चाऱ्यानंतर दुसरी वाट पैदाशीची. फलटणला बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गॅरोल मेंढीतले जुळी कोकरे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणले आणि 'नारी सुवर्णा' घडवली. एका मेंढीमागे दोन कोकरे जगली, तर तिच्या वर्षभराच्या मिथेनचा भार दोघांवर वाटला जातो. अर्थात त्या मेंढीला चाराही जास्त द्यावा लागतो. भिलवडीत 1939 पासून दुधाच्या व्यवसायात असलेल्या चितळे डेअरीने म्हशींच्या कानांत ओळखपट्ट्या लावून आहार, आरोग्य आणि दुधाची संगणकीय नोंद ठेवण्याची पद्धत आणली. अशा नोंदींमुळे माज ओळखता येतो, भाकड काळ आटोक्यात येतो आणि काही न देता खाणारे महिने कमी होतात.

तिसरी वाट शेणाची. चार-पाच जनावरांच्या शेणावर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो. उकिरड्यातून हवेत गेला असता तो मिथेन चुलीत जळतो आणि स्लरीमुळे उसाच्या युरियाचा खर्च वाचतो. फलटणच्या गोविंद डेअरीने प्रसार केलेल्या मुक्त संचार गोठ्यात शेण जमिनीवर पसरून वाळते आणि जनावर हवे तेव्हा पाणी पिते. धनगरांनी शेतात मेंढरे बसवली की खत थेट मातीत पडते. त्याचा ढीग लागत नाही आणि ते वाहून नेण्याचे डिझेलही वाचते.

पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात मात्र लिटरच्या मापाची परीक्षा होते. खरसुंडी आणि पुसेगावच्या यात्रांत विकला जाणारा खिलार बैल दूध देत नाही, नांगर ओढतो. जतची माडग्याळ मेंढी माणसाला निरुपयोगी माळावर मांस पिकवते. त्यांना लिटरच्या मापात बसवले तर ते नापास होतील, पण चूक मापाची असेल. ओढलेले ओझे, वाचलेले डिझेल, मातीला मिळालेले खत आणि दुष्काळात तग धरण्याची ताकद या हिशेबात कशी धरायची, हा या विषयातला सर्वांत मोठा खुला प्रश्न आहे.

तो सोडवायला इथलीच मोजमापे लागतील. जगभर वापरले जाणारे बरेच उत्सर्जन-गुणांक सरासरी जनावरासाठी आहेत. वाढ्यावर पोसलेली म्हैस किंवा कडब्यावर जगणारा खिलार त्या सरासरीत नीट उतरत नाहीत. प्रयोगशाळेत मिथेन मोजण्याची यंत्रे महाग असली, तरी खाल्लेला चारा, दिलेले दूध, वेताची तारीख आणि शेणाची वाट कुठल्याही गोठ्यात मोजता येते. म्हणून या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने सूत्रे पाठ करण्याआधी एका गोठ्याची वर्षभराची नोंदवही पूर्ण करावी, आणि ती ज्याच्या जनावरांची आहे त्याच्यासोबत बसून वाचावी. पुढे येणारे प्रत्येक सूत्र त्या वहीपुढे टिकते का, हे तुम्ही स्वतः तपासू शकाल.