अनूपदेश आणि त्रिदोष

तारापूर, बोईसर, पालघर हा प्रांत समुद्राने व खाड्यांनी भिजलेला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील विभागणी लावली तर तो 'अनूप', म्हणजे कफप्रधान देश ठरतो. रुक्ष जांगल देश वातप्रधान. परंतु त्याच ग्रंथात वाताचा संचय ग्रीष्मात व प्रकोप वर्षाऋतूत सांगितला आहे. मग आषाढात तारापुरास ज्याचे सांधे धरले, त्याचा दोष कोणता मानावा? हा विरोध वरवरचा होय. देश दोषाचा स्थायी कल दाखवितो, ऋतू त्याचा चढउतार. वैद्याने दोन्ही पाहावयाचे असतात. 'दोष' म्हणजे केवळ बिघाड, ही समजूतही टाकली पाहिजे. वात, पित्त, कफ सम असता देह धारण करतात. त्यांचे वैषम्य हाच रोग.

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात या ग्रंथावर आयुर्वेदरसायन ही टीका रचली. निर्णयसागराने १९३९ साली अरुणदत्ताच्या टीकेसह ती छापली, तेव्हा तिची चिंता नाही. चिंता आहे ती वैद्यांच्या घरगुती बाडांची. काढ्यांची नावे तेवढी उतरून घ्यावयाची व समासात गाव किंवा मास लिहिला असल्यास तो सोडून द्यावयाचा, ही आम्हां संग्राहकांची जुनी खोड. सुंठीचा काढा पालघरास वसंतात कफावर दिला होता, की घाटावर पावसाळ्यात वातावर, हे नुसत्या नावावरून ओळखता येत नाही.